बंगल्यावरची सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘अ‍ॅडल्ट’ चित्रपटांतल्या एका परदेशी नटीच्या कोटींच्या कमाईवर लेख होता. त्यात धंद्याचा हिशेब तेवढा नव्हता. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मनाविरुद्ध पसरलेल्या खासगी व्हिडिओंच्या तक्रारी लिहून देणारे आम्ही काही वकील आणि संगणकवाले आहोत. तो हिशेब इथे मांडतो.

कॅलिफोर्नियात हे काम उघडपणे चालते ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८च्या फ्रीमन निकालामुळे; असल्या चित्रपटासाठी कलाकारांना पैसे देणे त्याने वेश्याव्यवसायात धरले नाही. तिथे कलाकाराचे वय सिद्ध करणारी ओळखपत्रे तपासून त्यांच्या नोंदी निर्मात्याला कायद्याने जपाव्या लागतात. रक्ततपासणी दर १४ दिवसांनी होते. पूर्वी ती महिन्यातून एकदा होती. २००४ मध्ये ब्राझीलहून परतलेल्या एका नटाची चाचणी स्वच्छ आली, कारण लागण ताजी होती आणि चाचणीत ती दिसायला काही दिवस लागतात. पुढची चाचणी येईपर्यंत त्याच्याकडून तिघींना एचआयव्ही झाला. २०१३ पासून मुदत निम्मी केली ती असल्या अनुभवांमुळे.

पैशाचे म्हणाल तर दर दृश्याला ठरलेली रक्कम मिळते, तीही एकदाच. हक्क निर्मात्याचे, आणि पुढे कितीही वेळा विकले गेले तरी कलाकाराला छदामही नाही. मिया खलिफाने जेमतेम तीन महिने काम केले आणि तिच्याच सांगण्यानुसार एकूण सुमारे १२ हजार डॉलर मिळाले. ते व्हिडिओ वर्षानुवर्षे इतरांना पैसे मिळवून देत राहिले. लोक लगेच सनी लिओनीचे उदाहरण देतात. तिने पतीसोबत स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती, म्हणजे हक्क तिच्या हातात होते. २०११ मध्ये ती इथल्या टीव्हीवर आली ती आधीच मालकीण झालेली होती. इथे अशा चित्रीकरणासाठी भाड्याच्या बंगल्यावर बोलावलेल्या मुलीच्या हातात यातले काहीच नसते.

कारण आपल्याकडे हा धंदाच बेकायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ प्रमाणे लैंगिक कृती उघड दाखवणारे चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्याला पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘साइट परदेशी आहे, भारतात दिसणार नाही असे सेटिंग करतो’ हे बोलावणाऱ्यांचे आश्वासन फसवे आहे. सेटिंग खरेच असते, पण कोणीतरी व्हीपीएन (आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारी सोय) लावून स्क्रीन रेकॉर्ड करतो आणि आठवड्यात ते टेलिग्रामवर येते. परदेशी साइटवर खाते उघडून आपले आपण टाकणाऱ्यालाही ६७अ लागतेच.

जाळे साधारण असे असते. इन्स्टाग्रामवर ‘वेब सीरिजसाठी नवे चेहरे, अनुभव नको’. मग पोर्टफोलिओ किंवा नोंदणीचे पैसे यूपीआयने. मग ‘लूक टेस्ट’ म्हणून कमी कपड्यांतला व्हिडिओ घरूनच मागतात. पुढच्या धमक्यांचे भांडवल तेच. मग मढ किंवा अलिबागकडचा भाड्याचा बंगला. तिथे आधी मोबाइल काढून घेतात, करार ऐन मेकअपच्या वेळी पुढे येतो, तोही इंग्रजीत, आणि दृश्य बदलल्याचे सहीनंतर कळते. नाही म्हटले की ‘युनिटचे नुकसान भर, पाच लाख टाक’. फेब्रुवारी २०२१ मध्ये मढच्या बंगल्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला तेव्हा तक्रारदारांनी सांगितलेली पद्धत फार वेगळी नव्हती.

त्या सहीला घाबरू नये. बेकायदा उद्देशाचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो. ५०० रुपयांचा स्टँप आणि नोटरीचा शिक्का लावला म्हणून तो कायदेशीर होत नाही. नुकसानभरपाईची धमकी ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८. आणखी एक गोष्ट पोलीस ठाण्यातही सांगावी लागते. स्त्रीने खासगी चित्रणाला होकार दिला असेल, पण ते इतरांना दाखवायला नाही, तरी ते पसरवणे त्याच संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. हे कलम स्त्रियांपुरते. मुलगा अडकला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६इ (खासगीपणाचा भंग) व ६७अ आणि संहितेचे ३०८ लावून घ्यावे. दिल्ली उच्च न्यायालयात २०२१ मध्ये एका बंगाली अभिनेत्रीचा दावा आला. वेब सीरिजचा ‘डेमो’ म्हणून दृश्ये घेतली, मालिका निघालीच नाही आणि निर्मात्याने ती यूट्यूबवर टाकली. सांगितल्यावर त्याने काढली, पण तोवर इतरांनी उचलली होती. दृश्ये तिने स्वतः दिलेली असूनही न्यायालयाने तिचा खासगीपणाचा हक्क मानला आणि ती हटवण्याचा अंतरिम आदेश दिला.

व्हिडिओ बाहेर आल्याचे कळले की घरचे पहिले काम करतात ते चॅट पुसून टाकण्याचे. नेमके तेच करू नये. संपूर्ण वेबपत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. खात्याचे दर्शनी नाव रोज बदलते, म्हणून त्याचे @ चे युजरनेम टिपून ठेवा. पैसे गेले असतील तर यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक घेऊन लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर निनावी तक्रारीची सोय आहे, पण तिचा पाठपुरावा करता येत नाही; गुन्हा नोंदवायचा असेल तर नावानिशी करा. ‘पुरावा’ म्हणून क्लिप मामाला, सरपंचाला पाठवू नका, पाठवणाराही ६७अ मध्ये येतो. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर क्लिप पाठवूच नका, थेट पोलिसांत जा.

साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला स्वतः मेल करा. २०२१ च्या नियमांनी अशी चित्रे हटवायला २४ तासांची मुदत घातली होती; फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली. दाद लागली नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे जाता येते. संमतीविना पसरणारी खासगी चित्रे रोखायला ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे; तीत चित्र फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या त्याच्याशी जुळणारे चित्र अडवतात. लोक चुकतात ते इथे: एकाच फाइलचा ठसा देतात. कापलेली, वर मजकूर चिकटवलेली प्रत त्याच्याशी जुळेलच असे नाही. सापडेल त्या प्रत्येक प्रतीचा ठसा द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरची फिरवाफिरव मात्र याने थांबत नाही.

वकिलाचा खर्च हे कारण नको. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

होमस्टेवाल्यांनाही दोन शब्द. ‘शूटिंग आहे, दोन रात्री, गडी-बाई नको, सीसीटीव्ही बंद ठेवा’ अशी मागणी आली की चौकशी करा. बुकिंग करणाऱ्या एकाचेच नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र घ्या आणि चित्रीकरणाची परवानगी कागदावर मागा. ऑफ-सीझनचे भाडे सुटते म्हणून डोळेझाक केली तर पंचनामा आपल्याच माजघरात होतो.

आणि संपादक महोदय, एक मागणे आपल्याकडे. बलात्काराच्या बातमीत पीडितेचे नाव छापायला कायद्यानेच बंदी आहे. व्हिडिओच्या प्रकरणांत ती तितकी थेट नाही, आणि मग बातमीत नाव नसते पण तालुका, वाडी, वय आणि ‘वडील एसटीत चालक’ एवढे सगळे असते. तीस घरांच्या वाडीत याहून जास्त काय लागते? गणपतीला चाकरमानी घरी पोचायच्या आत मुंबईत सगळ्यांना ठाऊक असते. जिल्ह्यापलीकडचा तपशील छापू नये.

आपले,
व्हिडिओ-तक्रारींचे काम करणारे काही वकील व तंत्रज्ञ, रत्नागिरी