सहावी ते आठवीच्या वाचनशिक्षकाला स्वतंत्र प्रशिक्षण आणि परवाना हवा

मा. संपादक,
महोदय,

लहान मुलांना वाचन व अंकज्ञान यावे यासाठी केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाल्यापासून मुलांच्या वाचनाची आपल्याकडची चर्चा तिसरीपाशीच थांबते. तिसरीपर्यंत मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु तेथे मागे राहून पुढे सहावी-सातवीत आलेल्या मुलांना वाचायला कोणी शिकवायचे, हे कोणी ठरवलेले नाही. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाच्या २०२२ च्या ग्रामीण सर्वेक्षणात आठवीतल्या देशभरच्या सुमारे ७० टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता.

पूर्व नागपुरातील एका शाळेत मी अनेक वर्षे सहावी ते आठवीला मराठी शिकवले. वर्गातील बरीच मुले घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलत. सातवीतल्या एका मुलीने बाष्पीभवनाचा परिच्छेद न अडखळता वाचून दाखवला. मात्र पावसाळ्यात कपडे उशिरा का वाळतात, असे विचारताच ती गप्प झाली. त्याच वर्गातला एक मुलगा 'पर्व', 'चक्र' आणि 'राष्ट्र' या तिन्ही शब्दांत अडत असे, कारण या जोडाक्षरांत र तीन वेगळी रूपे घेतो, हे त्याला कोणी सावकाश दाखवलेच नव्हते. तो पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणत असे. दोघांची अडचण वेगळी होती, म्हणून उपायही वेगळा हवा होता. हा फरक ओळखायला मला बी.एड.मध्ये कोणी शिकवले नाही, आणि मी दोघांनाही "घरी रोज एक पान वाचून या" एवढेच सांगत राहिले. त्याची खंत आजही वाटते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान प्रत्येकी एक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये मात्र १५० पैकी ६० गुण एकतर गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना असतात. भाषाशिक्षकालाही या दोहोंतूनच एक निवडावे लागते. म्हणजे कायद्याने भाषेच्या शिक्षकाला स्वतंत्र जागा दिली, परीक्षेने दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. इतक्या शिक्षकांना पुन्हा अभ्यासाला बसवायचेच असेल, तर त्या अभ्यासात मुलाला वाचते करण्याचे कौशल्य असू नये काय?

अमेरिकेतील अनेक राज्यांत वाचनतज्ज्ञ शिक्षकासाठी वेगळा परवाना असतो. आपल्याकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने भाषाशिक्षकांसाठी वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवावा. त्यात अक्षर-ध्वनीचे नाते, जोडाक्षरे, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती, विज्ञान-इतिहासाच्या पाठांचे आकलन आणि घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचे वाचन, हे सारे यावे. आठवडाभराच्या व्याख्यानांनी हे साधत नाही. शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या चार-पाच मुलांची वाचननोंद वर्षभर ठेवावी आणि तिच्यावर मार्गदर्शकाशी बोलावे. परवान्याची परीक्षाही बहुपर्यायी प्रश्नांची नसावी. अनोळखी मुलाचे वाचन ऐकून ते कुठे अडते आणि उद्या त्याला काय द्यायचे, हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे. परवाना मिळाल्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि त्यासाठी वेतनवाढ मिळावी.

शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याची, सर्वेक्षणांची आणि निवडणुकीची कामे आहेत, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या वर्षात अशा शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून लेखी सूट हवी, आणि जो परवाना घेऊ शकला नाही त्याच्यावर कारवाई होऊ नये.

विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. त्यापूर्वी नागपूरच्या संस्थेने एका तालुक्यातील आणि महापालिकेच्या काही शाळांतील भाषाशिक्षकांची पहिली तुकडी निवडावी, अशी मी आपल्या दैनिकाद्वारे शिक्षण विभागाला विनंती करते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर