खारा कॉड, बटाटा आणि मिक्सर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रान्सच्या नीम शहरातल्या ‘ब्रांदाद’ची, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाच्या पिठल्याइतक्या मऊ लगद्याची कृती आली आहे. पदार्थ निवडला छान, पण मासा तासभर भिजवून, खळखळ उकळून, बटाट्यासकट मिक्सरमधून काढायला सांगितला आहे. तसा केला तर तो ताटातच उरेल. आपल्याकडे हा मासा स्वस्त नाही, म्हणून हे पत्र.

नीमच्या जुन्या पद्धतीत बटाटा नसतोच. मासा, ऑलिव्ह तेल आणि दूध, एवढंच. भूमध्य समुद्रात कॉड सापडत नाही. तो अटलांटिकमधून यायचा, आणि खारवायला लागणारं मीठ नीमजवळच्या एग-मोर्तच्या मिठागरांत पिकायचं. या देवघेवीतून हा पदार्थ तिथे रुजला. बटाटा घातलेला प्रकार घरगुती. तो स्वस्त पडतो, पोटभरीचा होतो आणि नवशिक्याला जमतो. नीमचे कट्टर लोक नाक मुरडतील, मुरडू द्या.

अर्धा किलो खाऱ्या कॉडला 300 ग्रॅम बटाटे, दीड वाटी ऑलिव्ह तेल (सुमारे 150 मिली लागतं, उरलेलं हाताशी असू द्यावं), तेवढंच सायीचं दूध आणि लसणाच्या 3 पाकळ्या. मासा घेताना पांढरा किंवा हस्तिदंती रंगाचा, जाड तुकडा बघावा. त्यावर गुलाबी डाग असतील तर ते खाऱ्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात, तो घेऊ नये.

खरं काम भिजवण्याचं. वरचं मीठ धुऊन मासा 4 लिटर पाण्यात, कातडी वर करून, जाळीवर ठेवावा. मीठ उतरून तळाला बसतं, मासा तळाला टेकला तर त्याच खारटात पडून राहतो. भांडं फ्रिजमध्येच हवं, आपल्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेला मासा दुसऱ्या दिवशी वास मारतो. पाणी दर सहा ते आठ तासांनी बदलावं. पातळ तुकड्याला 24 तास पुरतात, जाडाला 36 ते 48. झालं की नाही हे कडेवरून कळत नाही, कड आधी अळणी होते. सगळ्यात जाड भागाच्या मधला कण गरम पाण्यात शिजवून चाखावा. चवीपुरता खारट लागला की पुरे.

मग मासा गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवावा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद, वर झाकण, दहा मिनिटं. उकळला तर आतलं पाणी निघून जातं, दोरे-दोरे उरतात, आणि ते कितीही घोटले तरी मऊ होत नाहीत. कोमट असतानाच कातडी नि काटे काढावेत. पाकळ्या बोटांनी एकेक दाबून पाहाव्यात, बारीक काटा डोळ्याला दिसत नाही.

बटाटा जुना, पिठूळ घ्यावा. सालासकट उकडून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावा. मिक्सरचं पातं बटाट्यातलं पिष्ट फोडतं आणि लगदा डिंकासारखा ताणतो. त्यावर उपाय नाही. लसूण दुधात मऊ होईस्तोवर शिजवून त्यातच चेचावा.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल कोमट करून मासा लाकडी डावाने घोटावा. तंतू सुटले की कोमट तेल बारीक धारेने आणि लसणाचं दूध चमच्याचमच्याने, आलटून पालटून घालत राहावं. आच अगदी मंद. तेल घाईने ओतलं किंवा पातेलं तापलं की तेल कडेला सुटतं. मग आचेवरून उतरवून चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटावं, बहुतेकदा जमून येतं. बटाटा शेवटी, हलक्या हाताने. मिरपूड, थोडं लिंबू. मीठ सगळं झाल्यावर चाखूनच, बहुधा लागत नाही.

गोव्यात पोर्तुगीज वळणाचा बाकाल्याव मिळतो, तो हाच मासा. तो मिळाला नाही तर खाऱ्या बांगड्यावर प्रयोग करू नये. त्याचं तेलकट, उग्र मांस ऑलिव्ह तेलाला दाबून टाकतं. त्यापेक्षा घोळीचा ताजा जाड तुकडा जाड्या मिठात पुरून फ्रिजमध्ये 24 तास ठेवावा आणि सहा-आठ तास भिजवावा. चव तंतोतंत येत नाही, पोत येतो.

भाजलेल्या पावाबरोबर गरमच वाढावं. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. पुन्हा गरम करताना तेल सुटतं, म्हणून वर पावाचा चुरा भुरभुरून 200 अंशांवर ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं भाजावं, नाहीतर टिक्क्या करून तव्यावर परताव्यात.

आपला,
एक वाचक, वसई