आईला स्टुलावर बसवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ऐन पावसाळ्यात उरुळी कांचनच्या आमच्या शेडमधून रोज सकाळी सशांची मेलेली पिल्लं निघत होती. नुकतंच दूध तोडलेली. पोट फुगलेलं, मागची बाजू हगवणीने माखलेली. मोठे ससे मात्र ठणठणीत. जोड्या आणि पिंजरे विकताना घरी बसून चहा पिणाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. आधी ज्या डॉक्टरांना बोलावलं, ते शेडच्या दारातूनच म्हणाले, "ओला घास घातला असणार." लसूणघास, म्हणजे सशांचा हिरवा चारा, आई कापते. तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

तुमच्याकडे आलो, तुम्ही मेलेल्या पिल्लाच्या यकृतावरचे पिवळट ठिपके पाहिले, लेंड्या तपासल्या. मग मला चिठ्ठी लिहून द्यायच्या आधी स्वतः स्टुलावरून उठलात आणि आईला तिथे बसवलंत. तिला स्पष्ट दिसेपर्यंत सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवत राहिलात. "आई, ते लांबट अंड्यासारखं दिसलं? ते आयमेरिया, पोटात वाढणारा सूक्ष्म परजीवी. तुमच्या घासाने नाही, याने पिल्लं मेली."

आईने बराच वेळ डोळा काढला नाही. हडपसरला बस बदलताना तिने आपणहून वडापाव मागितला.

लेंडीतून पडलेलं आयमेरियाचं हे बी ओलाव्यात दोन-तीन दिवसांत पिकतं आणि चाऱ्या-पाण्यातून पुन्हा पोटात जातं, मोठ्या सशात गुपचूप राहून पिल्लांना गाठतं, साध्या फिनाइलला दाद देत नाही, हे सगळं तुम्ही तिलाच सांगितलंत, मला नाही. औषधाने हगवण थांबली. पण लेंड्या रोज काढणं, फरशी कोरडी ठेवणं, रिकामे पिंजरे फ्लेमगनने भाजून घेणं हे आईने हातात घेतलं, म्हणून पुढची पिल्लं टिकली.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटली मॅडम. मळक्या लुगड्यातल्या बाईला आपल्या खुर्चीवर बसवून, तिला कळेल असं समजावणारं कुणी भेटलं नव्हतं. कुणाला सशांची पिल्लं मरताना दिसली तर दोष द्यायच्या आधी लेंड्या तपासायला न्या, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. आई तर वस्तीवरच्या बायकांना आयमेरिया समजावते, तुमच्याच शब्दांत.

पुढच्या वेळी इकडे आलात की जेवूनच जायचं, असा तिचा निरोप आहे.

आपला,
एक ससेपालक