भिगवणला निघण्याआधी

चि. मनू,

मास्कचं पाकीट आईने पिशवीच्या तळाशी टाकलंय, वर काढून ठेव. बर्ड फ्लूचा विषाणू विष्ठेतूनही पसरतो, आणि बदकं पोटातून कुठल्या बिया नेतात हे बघायला तू तीच गोळा करायला निघालीस. मेलेलं बदक दिसलं तर हात लावू नकोस, वनखात्याला कळव. बस, याविषयी आता बोलत नाही.

एकाच जातीचा थवा बसला असेल तिथलीच विष्ठा घे. तलवार बदकं आणि वारकरी पक्षी एकत्र बसले असतील तर कोणाची कुठली, कळणार नाही. थवा उठल्या उठल्या जा, ताजी ओलीच उचल, मातीला टेकलेला थर सोड. नाहीतर काठावरचं बी बदकाच्या खात्यात जमा होईल. डार्विनला तळ्याच्या तीन टेबलस्पून चिखलातून सहा महिन्यांत ५३७ रोपं मिळाली होती! म्हणून शेजारच्या चिखलाचाही नमुना हवा. एका पिशवीत एकच विष्ठा. बारीक जाळीवर धुऊन बिया ओल्या फिल्टर पेपरवर ठेव. उशीर केलास तर बुरशी धरेल. धुताना शिंतोडे उडतात, तेव्हाही मास्क. हो, परत तेच.

नुसतं बी सापडून भागत नाही, रुजलं पाहिजे. मोठं, मऊ बी पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या पोटातल्या जात्यात, भरडलं जातं. बारीक, टणक बी सुटतं, आणि कवच घासलं गेल्याने कधी लवकरही रुजतं. पाचवीत तू चिंचोके पायरीवर घासून पेरायचीस, बोटं सोलवटायची, पण ऐकायची नाहीस. आत्याला सांगितलं मनू काय करतेय, तर ती हसली. हसू दे.

प्रबंधात मात्र ‘सायबेरियातून बिया आल्या’ असं ठोकून देऊ नकोस. बहुतेक बिया काही तासांतच बाहेर पडतात. ताशी ६० किलोमीटरने आठ तास उडालं तरी ४८० किलोमीटर होतात. म्हणजे लांबचा प्रवास तळ्यातळ्यांतून, टप्प्याटप्प्याने. इथलं हळदी-कुंकू बदकही सोडू नकोस. जवळच्या पाणवठ्यांमध्ये बी नेणारं तेच. फार शिकवतोय, रागावू नकोस.

जागा बदलताना गमबूट घासून, वाळवून घे. चिखलातून बी तूही नेशील आणि तो विषाणूही. भाड्याचे पैसे पाठवलेत. दादाचे त्यातून वळते करू नकोस, ते मी बघतो.

बाबा