वस्तू गेली, बोली चालूच

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाची तक्रार आली होती. ऑनलाइन लिलावात त्यांनी बोली लावली, जिंकली, आणि मग विकणाऱ्याने ‘वस्तू आता नाही’ एवढं कळवून अंग काढून घेतलं. विकणाऱ्याला त्यांनी चार शब्द चांगले सुनावले होते. ते मला जरा लागले. कारण त्याच आठवड्यात मीही तसाच विकणारा झालो होतो. त्यांचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी ३४ वर्षं दिवाणजी होतो. हळदीचा हंगाम, मग बेदाणा, मधल्या दिवसांत गूळ. सौदे ऐकत माझं आयुष्य गेलं. राशीभोवती खरेदीदार उभे, प्रत्येकाच्या मुठीत नमुना, कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, आणि भाव पाच-दहा रुपयांनी वर सरकतोय. सौदा सुटला की मी वहीत नाव, भाव आणि पोती लिहायची. लिहिलं की ती रास संपली. ती दुसऱ्याला दाखवायची नाही, कितीही वरचा भाव कानाशी येऊन सांगितला तरी. आणि एखाद्या शेतकऱ्याने ‘आज नाही द्यायची’ म्हटलं, तर ते सौदा त्या राशीपाशी पोचायच्या आत मोठ्याने पुकारायचं. उगाच चार माणसांनी वाकून नमुना काढायचा, आकडा मनात धरायचा आणि मग कळायचं की माल काढून घेतलाय, हे यार्डात खपत नसे.

आता घड्याळाचं. १९८६ च्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर आमच्या शेठनी मला एचएमटीचं ‘जनता’ दिलं होतं. किल्लीचं, १७ ज्वेल्स, पांढऱ्या तबकडीवर देवनागरी आकडे. मोबाइल आल्यापासून ते कपाटातच होतं. एचएमटीचा घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये सरकारने गुंडाळला, आणि तेव्हापासून या घड्याळांना हौशी गिऱ्हाईक आहे, हे मला अकरावीतल्या नातवाने सांगितलं. त्यानेच फोटो काढून ते एका लिलावाच्या संकेतस्थळावर टाकलं. सुरुवात ५०० रुपयांपासून, मुदत सात दिवस, रविवारी रात्री नऊला शेवट.

गुरुवारी रात्रीपर्यंत पाच माणसांच्या मिळून नऊ बोल्या आल्या होत्या आणि भाव २,३५० वर गेला होता. प्रश्नही नेमके येत होते. तबकडी मूळची आहे की पुन्हा रंगवलेली? मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मिळेल का? मला बरं वाटलं. नमुना हातात घेऊन बघणारी माणसं होती ही.

शुक्रवारी विट्याचा भाचा पाया पडायला आला. त्याच्या मुलाची पोलीस भरतीत निवड झाली होती, मुलगाही बरोबर होता. मी दाढीला गेलो होतो. परत येतो तो घड्याळ पोराच्या मनगटावर! आमच्या सौभाग्यवतींनी ओवाळून हातात घातलं होतं. लिलावाचं तिला माहीत होतं. पण तिचं म्हणणं, ‘मला वाटलं, ते नुसतं फोटोचं चाललंय.’

दिलेलं परत मागायचं नसतं, आणि भाच्याच्या पोराकडून तर नाहीच. म्हणजे वस्तू गेली. आणि मोबाइलवर बघतो तर बोली २,४२० झालेली.

मग सल्ले सुरू झाले. नातू म्हणाला, ‘रविवारपर्यंत काही बोलू नका, जो जिंकेल त्याला सांगू, पडून काच फुटली.’ शेजाऱ्यांनी त्याहून भारी तोड काढली. आपल्याच माणसाला शेवटची मोठी बोली लावायला सांगायची, म्हणजे घड्याळ घरातल्या घरात राहतं आणि कुणाला काही कळत नाही. तिसरे एक म्हणाले, मुंबईहून दुसरं ‘जनता’ हजार-बाराशेला मागवून पाठवून दे, दिसायला सारखंच असतं.

तिसरा सल्ला ऐकून मला खरंच राग आला. एका राशीचा नमुना दाखवून दुसऱ्या राशीची पोती भरणं म्हणजे काय, हे मी यार्डात पाहिलेलं आहे. शेजाऱ्यांच्या तोडीला तर कायद्यातच नाव आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दल आहे. बोली लावायचा हक्क विकणाऱ्याने आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा आपला माणूस उभा करून बोली लावणं बेकायदा आहे, आणि भाव चढवायला खोटी बोली लावली तर खरेदीदाराला तो व्यवहार मोडता येतो. आमच्या दुकानाचे वकील हे कलम पाठ म्हणून दाखवत. त्याच कलमात असंही आहे, की हातोडा पडेपर्यंत, किंवा जी काही रीत असेल त्या रीतीने सौदा पुरा झाल्याचं पुकारेपर्यंत, बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. म्हणजे रविवारी नऊच्या आत काहीच पक्कं नव्हतं. पण मला वाटतं, पक्कं नव्हतं म्हणूनच घाई करायला हवी होती.

का, ते सांगतो. सर्वात वरची बोली ज्याची असते, तो माणूस अडकलेला असतो. पैसे बाजूला काढून ठेवतो, आणि दुसरीकडे तसंच घड्याळ दिसलं तरी हात आवरतो, कारण दोन्ही गळ्यात पडली तर काय करायचं? मी रविवारपर्यंत गप्प बसलो असतो, तर त्याचे ते दोन दिवस मीच खाल्ले असते.

हे मी हरिपूरच्या पेवांवरून शिकलो. नव्या पिढीला सांगायला हवं, की कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपुरात हळद जमिनीखाली पेवांत साठवायची पद्धत होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. पेव उघडलं की आधी हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, मग माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक पेवं कामातून गेली. आमच्या दुकानामार्फत अशाच एका पेवातल्या मालाचा सौदा ठरला होता आणि उचलही घेतली होती. पाणी अजून ओसरलं नव्हतं, माल किती वाचला हे कुणी पाहिलं नव्हतं. तरी शेठनी मला फोनपाशी बसवलं. लाइन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. शेठचं वाक्य मला अजून आठवतं: ‘माल पाण्यात आहे. मिळेल असं धरू नका. उचल परत देतो.’ पलीकडच्या व्यापाऱ्याने तोच माल पुढे कबूल केला होता. तो चिडला, पण त्याच संध्याकाळी त्याने दुसरीकडून तजवीज केली. आम्ही आठ दिवस ‘बघतो, बघतो’ करत बसलो असतो, तर तो बुडाला असता आणि त्याच्याबरोबर आमचं नावही.

तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच मी नातवाला घेऊन बसलो. संकेतस्थळाचे नियम वाचले. लिलाव मुदतीआधी बंद करता येतो. आधी आलेल्या बोल्या एकेक करून रद्द करायच्या, मग कारण निवडायचं. कारणांच्या यादीत ‘वस्तू आता उपलब्ध नाही’ असं छापील होतंच, म्हणजे असं करणारा मी पहिला नव्हतो. मात्र शेवटचे १२ तास उरले आणि बोली असेल, तर बंद करता येत नाही. जिंकेल त्याला वस्तू द्यावीच लागते. ईबे या अमेरिकन लिलावाच्या संकेतस्थळावरही १२ तासांची अशीच अट आहे. नातवाचा सल्ला ऐकून रविवारची वाट पाहिली असती, तर या अटीत सापडलो असतो.

जाता जाता: १९९५ मध्ये ईबे सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता, १४.८३ डॉलरला. बिघडलेला आहे हे सांगून विकला, आणि घेणाऱ्याला तसाच हवा होता. वस्तू कशी आहे हे खरं सांगितलं की मोडक्यालाही भाव येतो. ती नाहीच हे सांगायला मग काय जड जातं?

बटण दाबलं की संकेतस्थळ सगळ्यांना एक कोरडी ओळ पाठवतं. तेवढ्यावर भागवायचं नाही, असं मी ठरवलं. पाचही जणांना वेगळा निरोप लिहायला सांगितला. नातवाने आधी टाइप केलं, ‘तांत्रिक कारणास्तव’. मी ते खोडायला लावलं. शेवटी गेलं ते असं: ‘घड्याळ घरातून नातेवाइकाला भेट दिलं गेलं. मला कळायच्या आत दिलं गेलं, पण चूक माझी, कारण विकायला ठेवलेली वस्तू मी उघड्या कपाटात ठेवली. आपली बोली रद्द केली आहे. आपण दुसरं घड्याळ बघायला मोकळे आहात. क्षमस्व.’ दोघांचं उत्तर आलं नाही. एकाने लिहिलेलं इथे छापण्यासारखं नाही. एकाने ‘ओके’. आणि २,४२० वाले बार्शीचे गृहस्थ लिहितात, ‘बरं झालं आज सांगितलंत, उद्या रात्री एचएमटीच्याच एका ‘पायलट’ घड्याळाचा लिलाव संपतोय. ज्याला दिलं त्याला सांगा, किल्ली रोज एकाच वेळेला द्यायची.’

आता आपल्याकडे एक मागणं आहे, आणि खरं तर पत्र त्यासाठीच आहे. थकलेल्या कर्जाची तारण मालमत्ता बँकेला २००२ च्या कायद्याखाली जाहीर लिलावाने विकायची असेल, तर दोन वृत्तपत्रांत नोटीस छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती आपल्याही पानावर येते, बारीक अक्षरात, अर्धं पान भरून. लिलाव आता बहुतेक ऑनलाइनच होतात. आमच्या गल्लीतल्या एकाने गेल्या वर्षी अशी नोटीस वाचून एका गाळ्यासाठी अनामत भरली. रक्कम त्याच्या दृष्टीने मोठी होती, बायकोचं सोनं मोडून उभी केलेली. लिलावाच्या सकाळी मोबाइल उघडून बसला, तर पान उघडेना. बँकेत गेला तेव्हा कळलं, कर्जदाराने तीन आठवड्यांपूर्वीच तडजोड करून खातं मिटवलं होतं. कर्जदाराचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण संकेतस्थळावर गाळा आदल्या रात्रीपर्यंत विकायला होता. अनामत परत यायला आणखी १९ दिवस गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी शेवटी चहा पाजला एवढं लिहितो.

लिलावाची नोटीस छापायला पैसे असतात, पण तो रद्द झाल्याची ओळ छापायला कुणी येत नाही. आपण जाहिरात घेतानाच अट घालावी, की लिलाव रद्द झाला किंवा मालमत्ता सुटली, तर त्याच पानावर, त्याच जागी, दोन ओळींची सूचना त्याच पैशात छापली जाईल, आणि ती देणं नोटीस देणाऱ्यावर बंधनकारक राहील. जागा फार लागत नाही. ‘अमुक तारखेच्या नोटिशीतला अनुक्रमांक ४ काढला आहे’ एवढंच. आमच्या वहीत मी तेच लिहायचो, तांबड्या शाईने.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली

ता. क. — घड्याळाची मूळ डबी मात्र घरातच सापडली, आतल्या कागदासकट. बार्शीच्या गृहस्थांना ‘पायलट’ मिळालं की नाही ते कळलं नाही. त्यांना हवी असल्यास डबी पोस्टाने पाठवतो, माझ्या खर्चाने. ती कपाटाला कुलूप लावून ठेवली आहे.