लहान उद्यानांसाठी दोन पानांचा करारनामा द्यावा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्रभागातील लहान उद्यानांच्या देखभालीत नागरिक व स्थानिक व्यावसायिकांच्या सहभागाला लेखी स्वरूप देण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या प्रभागात जेमतेम एक एकराचे एक उद्यान आहे. गेली तीन वर्षे आम्ही पंधरा-वीस रहिवासी दर रविवारी सकाळी सात ते नऊ तिथे काम करतो आणि आजूबाजूचे दुकानदार आम्हाला लागेल ते साहित्य पुरवतात. शहराचे आणि महापालिकेचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही, कारण कोणा अधिकाऱ्याची तक्रार करणे हा या पत्राचा हेतू नाही. उणीव एका कागदाची आहे आणि तो कागद केवळ आपला विभागच काढू शकतो.

मोठ्या देणगीची कल्पना मनात आणू नये, म्हणून मदतीचे स्वरूप आधी सांगतो. हार्डवेअरच्या दुकानदाराने फावडी, घमेली आणि तारेची जाळी दिली. नाक्यावरच्या फॅब्रिकेटरने झोपाळ्यांच्या झिजलेल्या कड्या बदलून वेल्डिंग करून दिले आणि मजुरी घेतली नाही. चहावाले रोजचा चोथा एका बादलीत साठवून ठेवतात. रसवंतीवाले उन्हाळाभर उसाचे चिपाड देतात. हे चिपाड झाडांच्या आळ्यात वीतभर जाडीने पसरले की माती दुपारच्या उन्हातही ओली राहते आणि एक दिवसाआड द्यावे लागणारे पाणी चार दिवसांनी दिले तरी चालते. पूर्वी उद्यानातला पाचोळा कोपऱ्यात ढीग करून पेटवला जाई आणि त्याचा धूर समोरच्या दवाखान्यात शिरे. आता जाळीचे चार गोल पिंजरे करून त्यांत पाचोळा, चहाचा चोथा आणि शेणकाला थराथराने भरतो. दिवाळीनंतर भरलेला पिंजरा पावसाच्या तोंडावर उघडला, की तळाला काळे, भुसभुशीत खत मिळते. (वरचा थर मात्र दर वर्षी कच्चाच राहतो, तो कसा कुजवावा यावर आमच्यात एकमत नाही.)

आता अडचणीचा प्रसंग. उद्यानात पदपथालगत वड, कडुनिंब आणि तीन करंज आहेत. त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. वडाच्या मुळांनी काही ब्लॉक उचलून धरले होते आणि करंजांची पाने अकाली पिवळी पडत होती. झाडाभोवतीचा एक मीटरचा परिसर काँक्रीटमुक्त ठेवावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या संदर्भात दिला होता. त्याची प्रत घेऊन आम्ही उद्यान विभागात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि ‘करा की, चांगलेच काम आहे’ असे तोंडी सांगितले. सलग चार रविवार पहार आणि छिन्नीने आम्ही ब्लॉक सोडवले, खालची कचखडी काढली, बांधकाम साहित्याच्या व्यापाऱ्याने दिलेल्या विटांनी आळी बांधली आणि खत घातले. त्या पावसात करंजांना नवी पालवी फुटली. त्यानंतर तीन महिन्यांनी स्थापत्य विभागाच्या ठेकेदाराची माणसे आली आणि मंजूर अंदाजपत्रकानुसार नवे ब्लॉक पुन्हा बुंध्यापर्यंत बसवून गेली. आमच्या विटा सिमेंटखाली गाडल्या गेल्या. जाब विचारायला गेलो, तेव्हा कनिष्ठ अभियंत्यांनी शांतपणे विचारले, ‘परवानगीचा कागद आहे का?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे कागद नव्हता आणि असा कागद देण्याची सोय कोणत्याच विभागाकडे नव्हती.

साहित्य देणाऱ्यांचीही तीच गत आहे. एका मिठाईवाल्यांना दोन बाके द्यायची होती. ती जमा करून घेण्यास लेखाशीर्ष (हिशेबात नोंद करण्याचे खाते) नाही, म्हणून पावती मिळेना आणि पावतीशिवाय उद्यानात ठेवलेली वस्तू अतिक्रमण ठरू शकते, असे ऐकून त्यांनी नाद सोडला. व्यवसायांच्या सामाजिक दायित्वाचा विषय निघाला, की सामाजिक कामांवर खर्च करणे कंपन्यांना बंधनकारक करणाऱ्या, कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 कडे बोट दाखवले जाते. परंतु ते कलम 500 कोटी रुपयांची निव्वळ संपत्ती, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना लागू होते. रसवंतीवाल्याच्या चिपाडाला त्या चौकटीत जागा नाही आणि मोठ्या कंपन्यांना एक एकराच्या उद्यानात रस नाही.

दुसऱ्या बाजूची भीतीही मला मान्य आहे. 2016 च्या जानेवारीत मुंबई महानगरपालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण संमत केले, तेव्हा नागरिकांनी त्यास कडाडून विरोध केला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. देखभालीच्या नावाखाली सार्वजनिक मैदानांना कुंपण, प्रवेश शुल्क आणि क्लबचे रूप येते, हा अनुभव त्या विरोधामागे होता. मी त्या वेळी मुंबईत असतो, तर विरोधाच्याच बाजूने उभा राहिलो असतो. म्हणूनच आम्हाला उद्यान दत्तक नको आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने उद्याने व क्रीडांगणे ही नागरी संस्थांची कामे मानली आहेत. ती जबाबदारी महापालिकेकडेच राहावी.

आमची मागणी दोन पानांच्या, वर्षभराच्या मुदतीच्या करारनाम्याची आहे, ज्याचा नमुना आपल्या विभागाने राज्यातील सर्व महापालिका व नगरपरिषदांना पाठवावा. त्यात जागेवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही, प्रवेश शुल्क, कुलूप आणि जाहिरात फलक यांना पूर्ण मज्जाव राहील, आणि साहित्य देणाऱ्यांची नावे फार तर सूचना फलकावर एका ओळीत येतील, हे स्पष्ट लिहावे. फांदी छाटणीसाठी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते, ती आम्ही आजही घेतो आणि पुढेही घेऊ. महापालिकेने तिच्या बाजूने नळजोड चालू ठेवावा, वस्तू स्वीकारल्याची पावती द्यावी, आणि उद्यानात कोणतेही स्थापत्य काम काढण्यापूर्वी पंधरा दिवस आधी उद्यान विभागाला व स्वयंसेवक गटाला लेखी कळवावे. माझ्या मते या शेवटच्या अटीला सर्वाधिक महत्त्व आहे. बाकीच्या अटींवर आम्ही तडजोड करू, हिच्यावर नाही.

तूर्त एक लहानशी विनंती. आम्ही सोडवलेले जुने पेव्हर ब्लॉक रखवालदाराच्या खोलीमागे नीट रचून ठेवले आहेत. ते महापालिकेची मालमत्ता असल्याने आम्ही त्यांना हात लावत नाही, आणि ते जमा करून घेण्यास कोणता विभाग सक्षम आहे, हे चार कार्यालयांत विचारूनही समजलेले नाही. तेवढे तरी कळवण्याचे आदेश व्हावेत.

आपला नम्र,
उद्यानातील एक स्वयंसेवक