बाबा, कमरेला काय आहे ते सविस्तर लिहिते

ह्यूस्टन, टेक्सास

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर मी वाकले तेव्हा आईला शर्टाखाली जे काळं दिसलं, ते पिस्तूलच आहे. तिला मी तेव्हाच खरं सांगितलं. ती रडायला लागली, वहिनीने फोन घेतला आणि विषय तिथेच राहिला. तुम्ही मागे खुर्चीत बसला होतात, एक अक्षर बोलला नाहीत. सगळी नोकरी हत्यारांसोबत काढलेल्या माणसापासून हे झाकून ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही. आईसमोर फोनवर नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. सावकाश वाचा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. विकायला काढलेली घरं गिऱ्हाइकांना दाखवायची. बहुतेक घरं रिकामी असतात. इथे वॉचमन नाही, आणि समोरच्या बिऱ्हाडात कुणी दार उघडं टाकून भाजी निवडत बसलेलं नाही. माणूस फोन करतो, मी त्याला कधी पाहिलेलं नसतं, आणि थोड्या वेळाने त्या घरात आम्ही दोघंच असतो. गेल्या वर्षी असाच एक जण आला. त्याने स्वयंपाकघर बघितलं नाही, भाव विचारला नाही, आतल्या बेडरूमचं कपाट दाखव म्हणून मलाच पुढे जायला सांगत राहिला. मी जागची हलले नाही, तेव्हा त्याने पुढचं दार आतून बंद केलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मी मागच्या अंगणातून बाहेर पडले. झालं काहीच नाही, त्यामुळे पोलिसांनी फक्त नोंद घेतली. पहिली भेट ऑफिसात घेणं, गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राचा फोटो आधी ऑफिसला पाठवून ठेवणं, घरात कधीही गिऱ्हाइकाच्या पुढे न चालणं, हे मी पहिल्यापासून करते. ते सगळं करूनही तो माणूस त्या दारापाशी उभा होता, म्हणून पिस्तूल घेतलं.

तुम्ही पोलीस ठाण्यात असताना हत्याराच्या परवान्यांची चौकशी करायला जायचात. अर्जदार कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का, जिवाला खरंच धोका आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतात, आणि मग अहवाल वर जायचा. एवढं करून माणसाला मिळायचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, आणि निवडणूक लागली की तेही ठाण्यात जमा. १९५९ च्या शस्त्र कायद्याची ही शिस्त आम्ही भावंडं जेवताना तुमच्या तोंडून ऐकत मोठी झालो. इथे मी दुकानात एक फॉर्म भरला, दुकानदाराने माझं नाव एफबीआयच्या यंत्रणेतून तपासून घेतलं, आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. नोकरीच्या व्हिसावर असताना मला ते सहजासहजी घेता आलं नसतं, ग्रीन कार्ड झाल्यामुळे चाललं. शेजाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. पिस्तूल नऊ एमएमचं आहे, जे आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतच नाही.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या माणसाला, त्याच्यावर कायद्याने बंदी नसेल तर, परवाना न काढताच ते कमरेला लावून फिरता येतं. मला हे अजिबात पटत नाही. मी परवाना काढला. दिवसभर वर्गात बसून कायदा शिकले, मग ५० गोळ्यांची परीक्षा दिली. ३, ७ आणि १५ यार्डांवरून गोळ्या झाडायच्या, २५० पैकी १७५ गुण पुरतात. बाबा, ही परीक्षा सोपी आहे. तेवढ्यावर माणसाने बाजारात पिस्तूल घेऊन फिरावं असं मला वाटेना, म्हणून त्याच शिक्षकांकडे मी अजूनही जाते.

आता सवयीचं सांगते, कारण तुम्हाला खरी काळजी तिथेच वाटत असणार.

पिस्तूल ग्लॉक कंपनीचं आहे, लहान आकाराचं, मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्यात, १० राउंड. भरल्यावर वजन साधारण ६५० ग्रॅम. त्याला बाहेरून लावायचा वेगळा सेफ्टीचा खटका नाही, आणि इथे लोक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, राउंड ठेवूनच ते बाळगतात. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. शिक्षकांनी एक उपाय सांगितला. चेंबर रिकामं ठेवायचं, स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडायची म्हणजे आतली पिन ताणलेली राहते, आणि तसंच दिवसभर घरात वावरायचं. झाडू मारायचा, गाडीत बसायचं-उतरायचं, मुलाला उचलायचं. रात्री काढून बघायचं, ट्रिगर पुढेच आहे का. दिवसात कुठे चुकून दाबला गेला असता तर तो मागे गेलेला दिसला असता. मी हे पुष्कळ दिवस केलं. रोज रात्री दिव्याखाली धरून बघायचे, आणि ट्रिगर रोज पुढेच असायचा. मग कुठे चेंबरमध्ये राउंड ठेवायचं मनाने घेतलं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कडक प्लास्टिकचं आहे, ट्रिगर पूर्ण झाकणारं. कापडी होल्स्टर किंवा पर्समध्ये सुटं ठेवणं, दोन्ही मी पहिल्यापासून नाकारलं. इथे पुष्कळ बायका पर्समध्ये ठेवतात. पण पर्स खुर्चीला अडकवली जाते, चोर ओढून नेतो, मूल चॉकलेट शोधायला हात घालतं. हत्यार अंगावर तरी असावं नाहीतर कुलपात.

पहिले काही आठवडे सारखं वाटायचं की दुकानातली प्रत्येक नजर माझ्या कमरेवर आहे. हात आपोआप तिथे जायचा, शर्ट खाली ओढायचा. शिक्षक एकदा माझ्यासोबत किराणा दुकानात आले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, शर्टामधून काही दिसत नाही, पण तुमचा हात सगळ्यांना सांगतोय. त्यानंतर हात आवरायला मी शिकले. कपडे बदलले. पट्टा जाड लागतो, पँट एक नंबर मोठी लागते, कुर्ता असेल तर आतून वेगळी सोय. खालची वस्तू कमरेतून न वाकता गुडघ्यात बसून उचलायची. सार्वजनिक बाथरूममध्ये तर फार सांभाळावं लागतं. तिथे लोक पिस्तूल काढून टाकीवर किंवा कठड्यावर ठेवतात आणि तसेच निघून जातात. मी ते होल्स्टरमधून काढतच नाही, होल्स्टरसकट कपड्यातच धरून ठेवते. तुम्हाला हे लिहायला संकोच वाटतो, पण धोका असतो तो अशाच जागी, म्हणून लिहिलं.

दारं वाचायचीही सवय लागली. ज्या मालकाला आपल्या जागेत पिस्तूल नको, तो दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये इंचभर उंच अक्षरांची पाटी लावतो. ज्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूतून होते, तिथे लाल रंगात ५१ टक्के लिहिलेलं असतं, आत नेलं तर गुन्हा. शाळेच्या इमारतीत नाही, कोर्टात नाही, मतदानाच्या जागी नाही. मंडळाच्या गणपतीला कायद्याने अडवलेलं नसलं तरी मी नेत नाही. आरतीच्या गर्दीत चिमुरडी पोरं कमरेला येऊन चिकटतात, तिथे ते घेऊन उभं राहणं मला शक्य नाही.

घरात आकडे दाबून उघडायची छोटी तिजोरी आहे, कपाटाच्या तळाला बोल्टने घट्ट केलेली. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार पडेल असं ठेवणं हा इथेही गुन्हा आहे. मी घरी आले की होल्स्टरसकट पिस्तूल तिजोरीत जातं. रोज राउंड काढायचा आणि सकाळी पुन्हा भरायचा, असं करत नाही. जितकं हाताळावं तितका धोका वाढतो, हे तुम्हीच सांगायचात. सरावाच्या दिवशी घरी आले की मुलाला जवळ घेण्याआधी साबणाने हात धुते, कपडे बदलते, कारण गोळ्यांची शिशाची धूळ अंगावर आलेली असते.

आईने गोविंदाचं नाव घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहाटे घरात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्या पायात गेली, ती बातमी तिच्या मनातून जात नाही. तिची भीती खरी आहे. तिला सांगा की हातातून निसटून पडलं तरी गोळी सुटू नये अशी योजना या पिस्तुलात आतून केलेली असते, आणि त्यावरही मी विसंबत नाही.

बाबा, सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सकाळी दादरला लेडीज डब्यात चढले की चौथ्या सीटवरून भायखळ्यापर्यंत माझं तोंड चालायचं, आणि सीएसटीला उतरताना त्याच बाईच्या डब्यातली बाकरवडी खात असायचे. त्या भांडणांत कुणाच्या जिवाला धोका नव्हता. शब्द तोंडातून निघायचे आणि डब्यातच राहायचे. इथे मध्यंतरी दुकानाच्या पार्किंगमध्ये एक माणूस माझ्या गाडीसमोर येऊन ओरडायला लागला. त्याच्या मते ती जागा त्याची होती. माझ्या देशावरून बोलला, माझ्या आईवरून बोलला, मागच्या सीटवर मुलगा ऐकत होता. बाबा, माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी दोन्ही तळवे वर केले, सॉरी म्हटलं, गाडी मागे घेतली आणि दूध दुसऱ्या दुकानातून आणलं. मुलाने विचारलं, तू काहीच का नाही बोललीस? आता मी जिथे भांडेन तिथे एक पिस्तूल आधीच हजर असतं, माझंच. त्या माणसाकडेही असेल. मी दोन शब्द बोलले असते, त्याने मला ढकललं असतं, झटापटीत त्याचा हात माझ्या कमरेला लागला असता, तर पुढे काय झालं असतं हे मला रात्री झोपताना दिसत होतं. भांडण मी पेटवलं असेल तर स्वसंरक्षणाचा आधारही कायदा सहसा देत नाही. म्हणून मी आता हॉर्न वाजवत नाही, कुणी गाडी आडवी घातली तर जाऊ देते, रांगेत कुणी पुढे घुसलं तर घुसू देते. गिळून टाकायची ही सवय मला कमरेच्या वजनापेक्षा कितीतरी उशिरा लागली, आणि अजून रोज लावून घ्यावी लागते.

इथला कायदा सांगतो, तुम्ही हक्काच्या जागी असाल आणि काही गुन्हा करत नसाल, तर मागे हटायचं बंधन नाही. रात्रीच्या चोरीत काही अटींवर मालमत्ता वाचवायलाही तो प्राणघातक बळ वापरू देतो. मी माझ्यापुरतं ठरवलंय की मागे हटायला जागा असेल तोवर हटायचं, आणि वस्तूसाठी तर कधीच नाही. टीव्ही न्या, गाडी न्या. मी किंवा मूल, आणि पळायला वाट नाही, एवढ्यासाठीच ते आहे.

तुम्ही ओंबळेंचं उदाहरण द्याल हे मला माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि सोडली नाही. त्या रात्री तुम्ही बंदोबस्ताला गेला होतात, आई देवापुढून उठली नव्हती. आणि इथे आमच्याच राज्यात, उवाल्डेच्या शाळेत, २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा पूर्ण हत्यारबंद पोलीस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात थांबले होते. बातमी बघून तुम्ही टीव्ही बंद केला होता, दादाने सांगितलं. पिस्तुलाने धैर्य येतं असं मी मानत नाही. सगळ्यांच्या कमरेला असलं की देश सुरक्षित होतो, असंही मानत नाही. या देशात गोळीने मरणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त लोक आत्महत्या करणारे असतात, आणि त्यातलं कितीतरी घरातल्याच हत्याराने घडतं. हे माहीत असून मी ते घरात आणलंय, त्याची जबाबदारी माझ्यावर आहे, आणि ह्यांना व मला कधी मनाने खचल्यासारखं वाटलं तर पहिल्यांदा ते घराबाहेर जाईल असं आम्ही दोघांनी बोलून ठेवलंय.

रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली तर काय करायचं, तेही शिकले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, त्याने ओळखपत्र मागितलं की गाडीच्या लायसनसोबत पिस्तुलाचा परवाना द्यायचा, आणि तो सांगेपर्यंत हलायचं नाही. एकदाच वेळ आली. तरुण पोरगा होता, खिडकीशी वाकताना त्याचा हात स्वतःच्या हत्यारावर होता. मला त्याची भीती वाटली नाही, त्याच्या आईची आठवण झाली.

डिसेंबरात आम्ही येतोय. पिस्तूल अर्थातच इथल्या तिजोरीत राहील. त्याआधी मला उत्तर लिहा. मी कुठे कमी पडतेय असं वाटलं तर तसं लिहा. हे काम सोड, दुसरं बघ, असं म्हणायचं असेल तर तेही सरळ लिहा, मी रागावणार नाही आणि विचार नक्की करीन. आणि एक विचारायचं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तुम्हाला कधी कुणावर खरोखर हत्यार रोखावं लागलं का? आम्हाला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आता सांगाल तर बरं होईल.

आईला सगळं वाचून दाखवू नका, तिजोरीचा आणि मुलाचा भाग तेवढा दाखवा. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून झाला असेल तर दादाला त्याचा फोटो पाठवायला सांगा. वहिनीने मागितलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्यात, सोबत आणते.

तुमची,
धाकटी